रात्री टक्क जागे, दिवसा झोपेत: मेंदूच्या गाठीच्या पेशंटला झोपेची गोळी द्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५६ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. मेंदूच्या पुढच्या भागात, उजव्या बाजूला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली झपाट्याने वाढणारी कॅन्सरची गाठ, निघाला. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या कॅप्सूल. रेडिएशन संपून पाच आठवडे झाले. आता ते रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागे असतात, उठून घरभर फिरतात, आणि दिवसा कधीही बघावं तर झोपलेले. मेडिकलवाल्याने अल्प्राझोलम ही गुंगी आणणारी गोळी देऊ केली आहे, ओळखीतल्या कुणीतरी मेलॅटोनिन, म्हणजे शरीरात रात्री तयार होणाऱ्या झोपेच्या संप्रेरकाची गोळी, सांगितलंय. कुठली गोळी द्यावी, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात वीसेक वर्षं मेंदूविकारांची प्रॅक्टिस करते. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर, पंढरपूर, सगळीकडचे पेशंट येतात आणि जवळपास प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी हाच प्रश्न विचारतं. प्रश्न गोळीचा वाटतो, पण तुम्ही एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्यात. रात्री झोप लागत नाही ही एक आणि दिवसा झोप उडत नाही ही दुसरी. रात्री झोपले नाहीत म्हणून दिवसा झोपतात, असं सरळ गणित मांडायचा मोह होतो. कधी कधी ते खरंही असतं. पण मला काळजी वाटते ती दुसऱ्या तक्रारीची, म्हणून सुरुवात तिथून करते.

आज दुपारी वडील झोपलेले असताना त्यांना हाक मारून उठवा, बसवा आणि साधंच काहीतरी विचारा. आज वार कुठला, सकाळी काय खाल्लं, कोण येऊन गेलं. थकून झोपलेला माणूस वैतागतो, ‘झोपू दे की’ म्हणतो, पण उत्तर नीट देतो. गुंगीतला माणूस उत्तर अर्ध्यात सोडतो आणि पुन्हा डोळे मिटतो. काही वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या बाजूच्या एका पेशंटच्या सुनेने मला फोन केला होता. म्हणाली, “मामा जेवायला उठायलेत ओ, पण घास तोंडातच राहायलाय.” घरातल्या बाकीच्यांनी ‘लाईट घेतल्याची सुस्ती आहे’ म्हणून ते सोडून दिलं होतं. (रेडिएशनला आपल्याकडे कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक.) पण सुस्तीने माणूस घास चावायचा विसरत नाही. स्कॅन केला तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडलेली. शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी बारीक नळी, टाकला, आणि आठवड्याभरात ते स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खायला लागले. त्या सुनेला वैद्यकातलं काही कळत नव्हतं, तिने फक्त ताटाकडे नीट पाहिलं होतं.

तेव्हा झोप वाढली आणि जोडीला पहाटे-सकाळी जास्त ठणकणारं डोकं, उलट्या, एकाचे दोन दिसणं, एका हातापायातली नवी कमजोरी, अडखळणारं बोलणं किंवा ताप असेल, तर हे उत्तर इथेच सोडा आणि त्यांना कॅज्युअल्टीला न्या. पहाटेच्या डोकेदुखीवर मी जोर देते याला कारण आहे. आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब तसाही थोडा वाढतो. झोपेत श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी चढतो. गाठीभोवतीची सूज, साठलेलं पाणी, गाठीतला रक्तस्राव, रक्तातलं सोडियम उतरणं, हातपाय न हलवता आतल्या आत चालू असलेली फिट, ही सगळी कारणं बाहेरून ‘फार झोपतात’ अशीच दिसतात. स्कॅन, रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, केल्याशिवाय ती वेगळी काढता येत नाहीत.

यातलं काही नाही, असं धरून पुढे जाऊ.

तुम्ही औषधांच्या यादीत ‘डेक्सा ४ मिलिग्रॅम १-०-१’ लिहिलंय, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. रात्रीच्या जागरणाचं निम्मं उत्तर मला त्या शेवटच्या एकात दिसतं. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. गाठीभोवतीची सूज उतरवायला त्याच्यासारखं औषध नाही आणि झोप घालवायलाही नाही.

ही चूक मीही वर्षानुवर्षं केली आहे. १-०-१ लिहायचं, पेशंटच्या हातात कागद द्यायचा आणि पुढच्याला बोलवायचं. मग विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. ते तीन आठवडे झोपले नव्हते. बाई स्वतः विड्या वळायच्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात औषधांच्या पट्ट्या पान कापायच्या कात्रीने एक-एक गोळी वेगळी होईल अशा कापलेल्या, आणि प्रत्येक तुकड्यावर पेनाने खूण. सकाळच्या गोळीला एक रेघ, रात्रीच्या गोळीला दोन. मी विचारलं, रात्रीची कधी देता? म्हणाल्या, “जेवण झालं की, साडेदहाला. दुधासंगं.” त्यांनी माझं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. माणूस झोपायला जाताना त्याला जागं करणारं औषध माझ्याच कागदाने दिलं जात होतं. त्या दिवसापासून मी आकडे लिहिणं सोडलं. आता ‘सकाळी आठला, दुपारी दोनला’ असं अक्षरात लिहिते.

कॉर्टिसॉल हे आपल्या शरीरात तयार होणारं स्टेरॉइड पहाटेपासून चढतं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. रात्री घेतलेलं स्टेरॉइड या उताराच्या बरोबर उलट ढकलतं. डेक्साचा शरीरावरचा परिणाम ३६ ते ५४ तास टिकतो, त्यामुळे ते दिवसातून दोनदा दिलं तरी पुरतं आणि दुसरा डोस दुपारी दोनला दिल्याने सूज वाढायची भीती नसते. मात्र परिणाम इतका लांबतो, म्हणूनच वेळ बदलली की सगळ्यांची झोप परत येते असंही होत नाही. काहींना चार-पाच दिवसांत फरक पडतो, काहींना थोडाच. खरा फरक पडतो डोस कमी झाल्यावर. म्हणून तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. दुसरा डोस दुपारी आणला तर चालेल का? आणि रेडिएशन संपून पाच आठवडे झालेत, तर आठ मिलिग्रॅम अजून लागतंय का, कमी करायचं वेळापत्रक काय? किती लागेल हे स्कॅनवरच्या सुजेवर ठरतं, मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ‘पुन्हा दाखवेपर्यंत चालू ठेवा’ म्हटलेलं डेक्सा कुणी कमी करायला सांगितलं नाही, एवढ्याच कारणाने चालू राहिलेलं मी खूपदा पाहिलंय.

स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी सोडू नका. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम थांबवून बसलेल्या असतात. डेक्सा एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो, सूज परत येते, आणि मग जी झोप लागते ती वर सांगितलेली, कॅज्युअल्टीवाली.

डेक्सा आणखी एका वाटेने झोपमोड करतं, आणि ती सुटून जाते. वडील रात्री उठून फिरतात म्हणता, तर त्यातल्या किती फेऱ्या लघवीला असतात ते मोजा. स्टेरॉइडने साखर वाढते, पण ती वाढते दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा ठीक येते, घरचे निर्धास्त होतात आणि पेशंट रात्री पाचदा उठतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा. शिवाय स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू कमजोर होतात. अंधारात उठताना पाय लटपटतात, म्हणून संडासच्या वाटेवर रात्रभर एक छोटा बल्ब चालू राहू द्या.

आता दिवसाची झोप. डोक्याला रेडिएशन दिल्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काही पेशंटना प्रचंड सुस्ती येते. ही गोष्ट जुनी आहे. डोक्यावरच्या नायट्यासाठी मुलांना क्ष-किरण द्यायचे त्या काळात, १९२९ सालीच, तिची नोंद झालेली आहे. पुढे १९७० च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांमध्ये ती नीट अभ्यासली गेली आणि मोठ्यांमध्येही ती होते हे कळलं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण काही काळ बिघडतं, असं त्यामागचं कारण मानतात. तुमच्या वडिलांचा पाचवा आठवडा या हिशोबात अगदी बसतो. ही सुस्ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. ती गाठ वाढल्याची खूण नाही. घरच्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते हादरतात.

तुमच्या यादीत लेव्हेटिरॅसेटमही आहे. फिटच्या या औषधाने काहींना झोप येते आणि काहींची चिडचिड इतकी वाढते की शांत माणूस ताट फेकतो. ते बंद करायचं नसतं, पण डोस आणि वेळ डॉक्टर बदलून देऊ शकतात. आणि एक बारीक गोष्ट. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात असली की माणसाची उमेद जाते. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडून राहतो, हाक मारली तर ‘हं’ म्हणतो, आपणहून काही करत नाही. तो जागाच असतो. तुमच्या वडिलांच्या ‘झोपेतली’ किती खरी झोप आहे, ते जवळ बसून पाहिल्याशिवाय कळणार नाही. जागं ठेवायचं औषध म्हणून मोडाफिनिल कुणी सुचवलं तर सांगते: मेंदूच्या गाठीच्या पेशंटमधल्या थकव्यावर त्याची चाचणी झाली आहे, २०१३ साली तिचे निकाल आले आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही. मी ते क्वचितच लिहिते.

गाठ कुठे आहे यावर बरंच ठरतं. झोप-जागेपणाचं केंद्र मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये असतं, आणि तो जेमतेम बदामाएवढा. व्हिएन्नात मेंदूचे डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी शंभर वर्षांपूर्वी, झोपाळू करणाऱ्या मेंदूज्वराच्या साथीत दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. या भागाच्या पुढच्या बाजूला इजा असेल तर झोप उडते आणि मागच्या बाजूला असेल तर माणूस झोपून राहतो, हे त्यांना तेव्हा दिसलं. माझ्याकडे एक तेरा वर्षांचा मुलगा येतो, त्याच्या तिथल्याच क्रेनिओफॅरिंजिओमा नावाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय. तो वर्गात बोलता बोलता झोपतो, वजन झपाट्याने वाढलं, तहान भागत नाही. बाईंनी त्याला आळशी ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं. मी शाळेला चिठ्ठी दिली की हा आळस नाही, याला मधल्या सुट्टीत वीस मिनिटं झोपू द्या. कुठल्याही औषधापेक्षा त्या चिठ्ठीचा उपयोग जास्त झाला. पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीच्या काही गाठींत जीभ आणि घशाचा भाग जाड होऊन घोरणं आणि श्वास अडकणं सुरू होतं. मेंदूच्या देठातल्या गाठींत झोपेत श्वासाचा तालच चुकू शकतो. तुमच्या वडिलांची गाठ या जागांपासून दूर आहे, म्हणून यात जास्त शिरत नाही. पण डेक्साने वजन वाढून मान भरली असेल आणि घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. तसा अडकणारा श्वासही डोक्यातला दाब वाढवतो.

रात्री उठून फिरण्याबद्दल अजून एक शंका आहे. पुढच्या भागातल्या गाठींच्या फिट बऱ्याचदा झोपेत येतात आणि त्या सिनेमातल्यासारख्या नसतात. माणूस एकदम उठतो, हातपाय झाडतो, ओरडतो, मिनिटभरात शांत होतो. सकाळी जीभ चावलेली, अंथरूण ओलं किंवा अंग ठणकत असेल तर संशय घ्या. फोनवर व्हिडिओ काढा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून मला जे कळतं ते दहा मिनिटांच्या वर्णनातून कळत नाही.

आता त्या अल्प्राझोलमकडे येते. देऊ नका, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तर मुळीच नको. ती श्वास मंद करते, आणि श्वास मंदावला की डोक्यातल्या दाबाचं काय होतं ते वर लिहिलंय. ऑपरेशन झालेला मेंदू तिने जास्त गोंधळतो, रात्री तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. आणि उद्या डोकं दुखून वडील गुंगीत गेले, तर ती गोळीची गुंगी की मेंदूची सूज, हे ना तुम्हाला कळेल ना आम्हाला. सवय लागल्यावर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, तीही ज्याला आधीच फिटचा धोका आहे त्याला. सर्दी-खाजेच्या गोळीने झोप येते म्हणून ती देणारेही भेटतात. तिनेही डोकं गोंधळतं आणि काहींना फिट येऊ शकते. मेलॅटोनिन त्या मानाने बरंच सौम्य आहे. डेक्साची वेळ बदलूनही आठवडाभरात फरक नसेल तर मी कधी कधी ३ मिलिग्रॅम, झोपायच्या तास-दोन तास आधी, असं सुचवते. झोपेचं घड्याळ पुन्हा लावायला ते मदत करतं, पण पडल्या पडल्या झोप येईल अशी अपेक्षा ठेवू नका. काढे, चूर्ण काही चालू असेल तर लपवू नका. टेमोझोलोमाइड चालू असताना रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या होतात, त्यात काही बिघडलं तर कशाने, ते कळायला हवं. तळपायाला तेल लावून काशाची वाटी फिरवायची असेल तर खुशाल फिरवा. वर्षानुवर्षं पेशंट सांगतात बरं वाटतं, आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

जुन्या निद्रानाशावर जगभर पहिला उपाय म्हणून गोळीऐवजी वागणुकीचा उपचार सांगतात. तो इथेही लागू आहे, फक्त त्यातला एक भाग गाळून. त्यात झोपेचे तास मुद्दाम कमी करायची एक युक्ती असते. फिटच्या पेशंटला ती करायची नाही, कारण जागरणानेच फिट येते. बाकीचं घरी जमतं. मी पहिल्या भेटीत विचारते, आजारी पडायच्या आधी कसे झोपायचे? मागावर पंचवीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाचं शरीर रात्री जागायलाच शिकलेलं असतं. शेजारचे माग खडखडत असले की झोपतात आणि वीज गेली की दचकून उठतात, असेही पेशंट मी पाहिलेत. तुमचे वडील यातलेच असतील तर रात्री दहाला झोपण्याचा हट्ट नको. बारा ते सहा झोपले तरी चालेल, पण उठायची वेळ रोज एकच ठेवा. सकाळी सात-आठला, ऊन तापायच्या आत, अर्धा तास ओट्यावर बसवा, कारण मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं. दुपारी एकदाच झोपू द्या, अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना हे बोलणं सोपं आहे, मला मान्य आहे. तेव्हा थोडी सूट द्या. संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री बंद. बघायला येणाऱ्यांना दिवसाची वेळ सांगा. पाळी सुटल्यावर नऊला येऊन अकरापर्यंत ऑपरेशनची कहाणी ऐकत बसणाऱ्या पाहुण्यांनी जेवढी झोप घालवली आहे, तेवढी गाठींनीही घालवली नसेल. पाण्याच्या पाळीला रात्री-अपरात्री मोटार लागते आणि बादल्यांचा खणखणाट होतो, तेव्हा त्यांचा पलंग मोरीपासून लांबच्या खोलीत हलवा. आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय असली तरी यंदा नको. झोपेत फिट आली किंवा अर्धवट झोपेत उठून चालले, तर कठड्याचा भरवसा नाही.

हे सगळं लिहून ठेवायला एक वही करा. किती वाजता झोपले, कधी उठले, लघवीला किती वेळा, डेक्सा कधी दिलं, दुपारी किती झोपले. आठ दिवस पुरे. टेमोझोलोमाइडचे पाच दिवसांचे कोर्स सुरू झाले की त्या पाच रात्री वेगळ्या खुणेने लिहा. ती कॅप्सूल रिकाम्या पोटी, बहुतेक वेळा झोपताना देतात, आणि मळमळीने त्या रात्री बिघडतात. त्याला उलटीची गोळी आधी देणं हा उपाय आहे, झोपेची नव्हे. वही कोण लिहिणार, हेही ठरवा. आई रात्रभर त्यांच्यामागे फिरत असेल तर तिच्याकडून ते होणार नाही. तुम्ही दोघे भाऊ आहात असं लिहिलंय, तर एक दिवसाआड एकाने रात्र घ्या आणि आईला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या.

पुढच्या महिन्यात तपासणीला मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसने नेणार आहात. खालचा बर्थ घ्या. लेव्हेटिरॅसेटमचा रात्रीचा डोस गाडीत बसायच्या आधी घरीच द्या, आणि त्यांच्या शेजारी एकाने जागं राहा. एका रात्रीच्या जागरणानेही फिट येऊ शकते. औषधांच्या पट्ट्या आणि वही मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. सकाळचं डेक्सा, गाडीतून उतरल्यावर काहीतरी खाल्लं की लगेच द्यायचं आहे.